वाघाचा सोमवार

इस्लापूरच्या माणसाला वाघ बघायचा असेल तर हैदराबादला जावं लागतं. जंगलाच्या कडेचं घर सोडायचं, तीनशे-एक किलोमीटर डांबर तुडवायचं, चारमिनारच्या गर्दीतून वाट काढायची आणि रांगेत उभं राहून तिकीट घ्यायचं. मग वाघ.

हे इस्लापूर म्हणजे सांगलीकडचं इस्लामपूर नव्हे, आणि धरणाचं इसापूर तर नव्हेच. लग्नपत्रिका ह्या दोन्ही गावांना फिरून आमच्याकडे येतात, त्यामुळे खुलासा केलेला बरा. तालुका किनवट, जिल्हा नांदेड. जवळच पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा. नदीच्या ह्या काठाला मराठवाडा, त्या काठाला विदर्भ. भोवती सागाचं रान, पलीकडे पैनगंगा अभयारण्य, त्याच्याही पुढे पांढरकवड्याच्या बाजूला टिपेश्वर. रोही आणि रानडुकरं हरभऱ्यात न बोलावता येतात. वानरं पत्र्यावर नाचतात. वाघ मात्र ‘हाय म्हणतेत’ ह्या सदरात मोडतो. त्याला बघितलेला माणूस नेहमी शेजारच्या गावचा असतो.

आणि वाघ हलायचा म्हणजे काय हलतो! टिपेश्वरचा एक तरणा वाघ २०१९ च्या जूनमध्ये घरातून निघाला. गळ्यात रेडिओ-पट्टा होता म्हणून त्याचा हिशोब लागला, एरवी कोणाला पत्ताही लागला नसता. तेलंगणात डोकावला, परत आला, शेतं, ओढे, रस्ते ओलांडत डिसेंबरपर्यंत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. चाल भरली १३०० किलोमीटरच्या वर. त्याचं नाव ‘वॉकर’ पडलं. जागा शोधत असेल, जोडीदारीण शोधत असेल, असं तज्ज्ञ म्हणाले. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, ही बातमी वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, “त्याला बरं हाय. दशम्या बांधायच्या न्हाईत, दाजीला इचारायचं न्हाई.”

आमच्या घरातल्या प्राणिसंग्रहालयाच्या सहलीचा सगळा इतिहास ह्या एका वाक्यात आला.

पहिला प्रश्न, कुठलं प्राणिसंग्रहालय. महाराष्ट्रात काय कमी आहेत? नागपूरला गोरेवाड्याचं मोठं उद्यान २६ जानेवारी २०२१ ला उघडलं, बसमध्ये बसून जंगल फिरता येतं. पण नागपूरला मावशी राहते. मावशीच्या गावी जाऊन वाघ बघून त्याच दिवशी परतणं हे आमच्या नात्यात बसत नाही. तिच्याकडे चार दिवस राहायचं, साड्यांची देवाणघेवाण करायची, मग उरलेल्या वेळात वाघ. पुण्याचं कात्रज लांब पडतं. मुंबईच्या राणीच्या बागेत सोलहून आणलेले पेंग्विन आहेत, त्यांना गारव्यात ठेवतात, हे ऐकून आबा एवढंच म्हणाले की मे महिन्यात आम्हालाही तिथंच ठेवा.

संभाजीनगरचं सिद्धार्थ उद्यान आपल्या मराठवाड्यातलं. राणीच्या बागेत २०२० साली आलेले शक्ती आणि करिश्मा हे वाघ तिथूनच गेले. मराठवाड्यातून मुंबईला पोटापाण्याला गेलेल्यांच्या यादीत ह्या दोघांचं नाव कोणी घेत नाही, हे मला बरोबर वाटत नाही. पण एकूण मतदानात संभाजीनगरही पडलं. कारण आबांचा कौल ठरलेला होता. हैदराबाद.

त्याला कारण आहे, आणि ते कायद्यात छापलेलं आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात मुंबई राज्याला कोणकोणता मुलूख जोडायचा ह्याची यादी आहे. जिल्ह्यांची, तालुक्यांची मोठमोठी नावं आहेत, आणि त्यांच्यात आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्याचं ‘इस्लापूर मंडळ’ असा आमचा नावानिशी उल्लेख आहे. अख्खा बोथ तालुका नाही, फक्त आम्ही. उलट नांदेड जिल्ह्यातलं भैंसा तिकडं गेलं. म्हणजे आबा जन्मले हैदराबाद राज्यात, पाटी-पेन्सिल हातात घेतली मुंबई राज्यात आणि पाढे पाठ केले महाराष्ट्रात, आणि एवढ्या काळात अंगणातली बाज काही हलली नव्हती. त्यांच्या वडिलांना राजधानी म्हणजे हैदराबाद. जमिनीच्या कज्जासाठी आजा तिकडं जायचा आणि तारीख पडली की बाग-ए-आममध्ये जनावरं बघून यायचा. त्या बागेतलीच जनावरं पुढे नेहरू प्राणिउद्यानात नेली. ते उद्यान १९६३ च्या ऑक्टोबरात लोकांसाठी खुलं झालं. आजा कज्जा हरला, पण जिराफ कसा असतो ते त्यानं गावाला हातवारे करून सांगितलं, आणि आमच्या घराण्याला मान मिळाला तो त्यामुळेच.

ठिकाण ठरलं. मग वाहन. इथं प्रकरण जे घसरलं ते सावरायला फार वेळ लागला.

आदिलाबादहून निघणारी कृष्णा एक्स्प्रेस किनवट, मुदखेड, निजामाबाद करत हैदराबादच्या बाजूला जाते. म्हणजे आमच्या सोयीचीच. पण ती तिथं थांबून राहत नाही. ती पुढं तिरुपतीला जाते. मायनं हे ऐकलं आणि पोळपाटावरचं लाटणं थांबलं. “गाडी बालाजीला जायलीय आणि आपुन मधीच कामून उतरायचं?” ह्याला उत्तर नाही. तुम्ही देवाच्या दारात जाणाऱ्या गाडीतून माकडं बघायला उतरताय, असं म्हटल्यावर माणसानं काय बोलावं? अर्ध्या तासात सहल तिरुपतीची झाली. अक्का-दाजींच्या धाकट्याचं जावळ राहिलंच होतं. आबांनी पूर्वी कधीतरी केस द्यायचा नवस बोलला होता, तो निघाला. केस उरले नव्हते, पण नवस होता. शेजारच्या काकूंनी पैसे आणून दिले, आमचेही दोन लाडू आणा म्हणून. पोरं तोंडं पाडून बसली. धाकटीनं विचारलं, बालाजीजवळ वाघ असतो का? मोठ्यानं सांगितलं, गरुड असतो. ती म्हणाली, मग ठीक आहे, पण पिंजऱ्यात असतो का उघडा?

शेवटी तह झाला. बालाजी स्वतंत्र, वाघ स्वतंत्र. वाघाला क्रूझर करून जायचं.

मग मी उद्यानाची माहिती काढली आणि आबांपुढं मांडली. क्षेत्र ३८० एकर. इथं आबा सावरून बसले. हेक्टर सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं न ऐकलं केलं असतं, पण एकर म्हणजे घरचा विषय. ३८० एकर, सलग? सलग. पाण्याची सोय? लागूनच मीर आलम तलाव. आबांनी मनातल्या मनात त्या जमिनीत सोयाबीन पेरलं, काढलं, भोकरच्या मोंढ्यात नेऊन विकलं, आणि सुस्कारा सोडून म्हणाले, “येवढं बागायत जनावराला दिलं.” तलावाचं धरण दोनशे वर्षांहून जुनं आहे, एका रांगेत मांडलेल्या २१ कमानींवर ते पाणी अडवतं, असं सांगितल्यावर त्यांचा वाघातला रस कमी झाला. आमच्याकडे पैनगंगा डोळ्यांदेखत वाहून जाते आणि पिकं आभाळाकडे बघतात. अशा माणसाला कमानी बघाव्याशा वाटल्या तर नवल नाही. आता त्यांचं म्हणणं असं की तुम्ही सिंह बघा, मला धरणाजवळ सोडा.

ज्याचा त्याचा प्राणी वेगळा, हे तिथंच कळलं. मोठ्याला सफारी हवी. गाडीत बसायचं आणि वाघ-सिंह मोकळे. म्हणजे पिंजऱ्यात आपण. धाकटीला फक्त उद्यानातली छोटी रेल्वे हवी, वाटेत प्राणी लागले तर तिची हरकत नाही. बायकोला एक असा दिवस हवा ज्यात स्वयंपाक नाही. तिची मागणी सर्वांत साधी होती, आणि सर्वांत आधी तीच नामंजूर झाली.

कारण शिदोरी. मायचा बाहेरच्या खाण्यावर विश्वास नाही आणि हैदराबादच्या बिर्याणीचं तर नावच काढायचं नाही. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा, लिंबाचं लोणचं, चिवडा, आणि वर ‘जनावराच्या वाटच्या’ चार भाकरी. आत जनावरांना काही घालायचं नसतं, असं मी सांगितलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच तो नियम केला. दारात आलेल्या गाईला घास दिल्याशिवाय जी जेवत नाही, तिला हत्तीसमोर हात हलवत उभं राहा म्हणायचं म्हणजे कठीणच. मी सांगून बघितलं की माणसाचं काहीही जनावराला सोसत नाही. २०२१ च्या मे महिन्यात तिथल्या आठ सिंहांना कोरोना झाला होता, देशात प्राण्यांत पहिल्यांदाच, आणि तो माणसांकडूनच गेला असावा असं डॉक्टरांचं मत पडलं. माय हळहळली. “बघा, बिचारे! काढा तरी दिला का न्हाई कोणी?”

रात्रीच्या प्राण्यांसाठी तिथं वेगळं घर आहे. आत दिवसा अंधार करतात आणि रात्री दिवे लावतात, त्यामुळे निशाचर फसतात आणि आपल्याला दिवसाढवळ्या जागे दिसतात. मला ही युक्ती फार आवडली. मी रंगवून सांगत होतो: घुबडं, वटवाघळं, उदमांजरं असले प्राणी. माय शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “वटवाघळं बघायला तिकीट? आपल्या चिंचेखाली उभं राहा की.” खरं सांगायचं तर मलाही त्यावर बोलता आलं नाही. यादीतली निम्मी जनावरं आमच्याकडं फुकट आहेत. फरक एवढाच की तिथं ती दिसतात आणि पाटीवर त्यांचं शास्त्रीय नाव असतं.

राहता राहिला दिवस. शेतकऱ्याच्या घरी सहलीचा दिवस काढणं हे मुहूर्त काढण्याहून अवघड, कारण मुहूर्ताला निदान पंचांग आहे. जूनमध्ये पेरणी. श्रावणात मायचे उपास. ऑक्टोबरात सोयाबीन, त्याच्या पाठीवर कापूस, कापूस संपेस्तोवर हरभरा. पोरांच्या परीक्षा. एप्रिल-मे लग्नं, आणि लग्नं नसलेल्या दिवशी ऊन. असं करता करता वर्ष संपतं आणि पुन्हा आभाळ भरून येतं. ही सहल किती वर्षं चालली आहे हे मी सांगत नाही, पण एक गोष्ट सांगतो. त्या उद्यानात चाणक्य नावाचं गॅलापागोसचं महाकाय कासव होतं. १९६३ मध्ये ते बाग-ए-आममधूनच आणलेलं. म्हणजे आज्यानं कज्जाच्या तारखांना बघितलेलं असणार. आबांना ते बघायचं होतं. “आमच्या बापाला वळखत असंल,” म्हणायचे. २०२४ च्या मार्चमध्ये ते गेलं. वय सांगतात सव्वाशे. आमच्या घरची सहल ठरेपर्यंत वाट बघण्याचा धीर जर कुठल्या जनावरात असेल तर तो कासवात होता, आणि त्यानंही शेवटी हात टेकले.

त्या बातमीनं मात्र घर हललं. आता या थंडीत जायचंच, असं ठरलं. मायनं सोमवार सुचवला. सोमवारी तिचा उपास असतो, म्हणजे एका माणसाची शिदोरी वाचते. पण सोमवारी उद्यान बंद. मायला वाटलं, जनावरांना सुट्टी कशाला, ती काय कचेरीत जातात? तेव्हा मी कुठंतरी वाचलेलं सांगितलं की देशातल्या बऱ्याच प्राणिसंग्रहालयांत वाघ-सिंहांना आठवड्यातून एक दिवस जेवण देत नाहीत. जंगलात काही रोज शिकार मिळत नाही, पोटाची घडण त्याच हिशोबाची असते, म्हणून एक दिवस लंघन. मायचा चेहरा उजळला. इतके दिवस तिच्या लेखी वाघ म्हणजे एक तामसी जनावर होतं. आता तो एकदम आपल्यातला झाला. तिनं लगेच ठरवून टाकलं की हा उपास सोमवारचाच असणार. उगाच का उद्यान बंद ठेवतात त्या दिवशी? त्या संध्याकाळी ती शेजारच्या काकूंना सांगत होती, “हैदराबादचा वाघ सोमवार धरतो, माय.”

सोमवार गेला तर मंगळवार, म्हणून मी क्रूझरवाल्याला मंगळवारचं सांगून आलो. पहाटे तीनला निघायचं, भोकर, भैंसा, निर्मल करत दार उघडायच्या सुमारास पोचायचं. मला वाटलं, संपलं एकदाचं. रात्री जेवताना मायनं ताट बाजूला सारलं.

“मंगळवार नगं.”

आता काय झालं?

“सोमवारभर उपाशी ऱ्हायलेल्या वाघापुढं सकाळच्या पारी लेकरं नेऊन उभी करायची व्हय रे?”

आबांनी मान डोलावली. मुद्दा बिनतोड होता. बायकोनं सुद्धा सासूची बाजू घेतली, जे आमच्याकडं सणासुदीला घडतं.

तेव्हा बुधवार ठरला आहे. वाघ पोटभर जेवलेला, आम्हीही. क्रूझरवाल्याला फोन झाला, धपाट्यांचं पीठ दळून आलं, धरणाजवळ आबांना कुठं सोडायचं तेही बघून ठेवलं. दाजींना तेवढं अजून कळवायचं आहे.