डॉकवाले आबा

कोयनानगरच्या जुन्या माणसांच्या आयुष्याचे ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने दोन भाग केलेत : आधीचं आणि नंतरचं. आबांचे दोन भाग वेगळे : युद्धनौका बांधणाऱ्या माझगाव डॉकमध्ये वेल्डर म्हणून लागण्याआधीचं आणि नंतरचं. ते बोटीतून समुद्रावर एकदाही गेलेले नाहीत. तरी नौदलाला 'आमचं' म्हणतात.

पावसाळ्यात धरणाचे सहा वक्र दरवाजे उचलले की लोक पाणी बघतात, आबा दरवाजे बघतात. लग्नाच्या मांडवात बसण्याआधी खुर्ची उलटी करून तिचे जोड तपासतात. नातीला बघायला आलेलं स्थळ त्यांनी मुलाकडच्या फाटकाच्या जोडांवरून मोडलं होतं. "रूटला पेनिट्रेशन न्हाई त्यांच्या. पोरगी द्यायची?"

इथे पाऊस ५००० मिलिमीटरच्या आसपास. अशा हवेत वेल्डिंगचे रॉड दमट होतात आणि त्यांतला हायड्रोजन जोडात शिरला की पोलादाला मागाहून तडा जातो, म्हणून डॉकमध्ये रॉड भट्टीत भाजून घेत. घरी आबांचे रॉड चुलीवरच्या फळीवर असतात आणि पापड कुठेतरी खाली. आजींनी त्यावर बोलणं सोडलंय.

परवा नातवाने कराडच्या वर्कशॉपात हातातलं लेझर वेल्डिंग मशीन आणलं. किरण एका बारीक बिंदूवर एकवटतो, धातू अरुंद पण खोल वितळतो, आजूबाजूला उष्णता फारशी पसरत नाही. म्हणून पातळ पत्रा वाकत नाही. जर्मनीत पापेनबुर्गच्या मायर जहाज कारखान्यात डेकचे पत्रे असेच जोडतात, नातू म्हणाला. आबा गप्प झाले. वाकलेले पत्रे ज्योत आणि पाणी मारून सरळ करण्यात त्यांची अर्धी नोकरी गेली होती.

मग त्यांनी विचारलं, "फट किती चालती?"

"अर्धा मिलिमीटरसुद्धा जड जातो, आबा."

"आरं, जहाजाचा ब्लॉक क्रेननं लावला की फटीत बोट जातंय! तुझा लेझर पलीकडं जाऊन फोरमनची टोपी जाळंल."

यात आबा चुकत नाहीत. म्हणूनच तर तिकडे जर्मनीत लेझरच्या जोडीला आर्क घेतात, तार वितळवून फट भरायला. पण आबा जुनी काळी काच लावून पुढे सरसावले, तेव्हा नातवाने त्यांना अडवलं. लेझरला त्याच्या तरंगलांबीचाच चष्मा लागतो. हा अपमान आबांनी दोन कप चहानंतर गिळला. मग चष्मा बदलून एक जोड मारला, नखाने चाचपला आणि म्हणाले, "बरा हाय."

कोयनानगरला आलात तर नेहरू उद्यान बघाच. पण कुठल्या लोखंडी कठड्यापाशी एखादा म्हातारा वाकलेला दिसला, तर 'काय शोधताय?' एवढं विचारू नका. शेवटची एसटी चुकेल.