एकास सोळा

उताराचं गणित मला येतं, असं मी भोसरीच्या त्या वर्कशॉपमध्ये चारचौघांत जाहीर केलं होतं. पाइपचे टेपर आटे म्हणजे १६ मिमी मागे सरकलं की व्यास १ मिमीने वाढायचा. फिरवत जावं तसे ते आवळत जातात आणि सांधा घट्ट बसतो. हे आकृती काढून समजवायला मी खडू मागितला. जुने ऑपरेटर मामा म्हणाले, “साहेब, फळ्यावर कशाला? मशिनवरच काढा.”

सीएनसी लेथच्या जी ७६ या थ्रेडिंग सायकलमध्ये उतारासाठी ‘आर’ असतो. आट्यांची लांबी २० मिमी. विसाला सोळाने भागून १.२५ टाकले आणि सायकल स्टार्ट दाबायचा मान स्वतःकडेच घेतला. कूलंटच्या फवाऱ्यात टूल मोठ्या तोऱ्यात हवा कापत राहिलं. जॉब निघाला तो बुडाशी आटे आणि तोंडाला टक्कल असा. बाहेरच्या आट्यांना ‘आर’ उणे लागतो. मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं होतं, पण डिप्लोमावाल्याने मॅन्युअल उघडायचं म्हणजे अब्रूच गेली की!

उणे घातलं. आता रिंग गेज सुळकन आत गेला आणि डुगडुगू लागला. एकास सोळा हा उतार व्यासाचा, ‘आर’ला हवी असते त्रिज्या, म्हणजे भागायचं बत्तीसने. ०.६२५. या खेपेला गेज तोंडाशीच अडला. मामांनी चष्मा कपाळावर चढवला. “टूल निघतं कुठनं?”

टूल जॉबच्या ८ मिमी अलीकडून निघत होतं, आणि त्या रिकाम्या प्रवासातही उतार चालूच असतो. “अठ्ठावीस भागिले बत्तीस, पॉइंट आठशे पंच्याहत्तर,” मामा तोंडी म्हणाले. मी कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिलं आणि “बरोबर आहे तुमचं” अशी त्यांनाच शाबासकी दिली. स्क्रॅपचे तुकडे वहीत ‘ट्रायल’ म्हणून चढवले.

गेज नेमका बसला, निपल पार्टीकडे रवाना झाले आणि तिकडे गळू लागले. टेफ्लॉन टेप गुंडाळा, पान्याने आवळा, थेंब काही थांबेना. ड्रॉइंगवर ‘अर्धा इंच टेपर’ एवढंच होतं. विचारण्यात कमीपणा वाटून मी ते अमेरिकन एनपीटी ठरवलं. इन्सर्ट ६० अंशांचा, गेजही त्याच जातीचा. आपल्या नळाच्या फिटिंगचे आटे ब्रिटिश वळणाचे, ५५ अंशांचे. अर्ध्या इंचाला दोन्हीकडे इंचात १४च आटे, उतारही तोच. त्यामुळे सुरुवातीचे फेरे बिनबोभाट बसतात. पुढे आट्यांच्या बाजू जुळत नाहीत आणि फटी उरतात.

शेठनी पार्टीचा फोन ठेवला आणि शांतपणे विचारलं, “साहेब, तुमचा डिप्लोमा किती अंशांचा आहे?”