पॉइंटांचा भाव

विमान कंपनीच्या पॉइंटची खरी किंमत काढणं सोपं. समजा तिकीट ६,००० रुपयांचं आहे. त्याऐवजी ९,००० पॉइंट द्या, वर कर आणि शुल्कांचे १,५०० रोख. म्हणजे वाचले ४,५००. पॉइंटला पन्नास पैसे. फक्त दिवाळीत गावी जायचं मनात आणू नका. तेव्हा त्याच सीटला दुप्पट-तिप्पट पॉइंट लागतात, नाहीतर सीटच नसते.

२०२० मध्ये अमेरिकेच्या युनायटेड या विमान कंपनीने आपली पॉइंटांची योजनाच तारण ठेवून कर्ज उचललं. किंमत लावली सुमारे २२ अब्ज डॉलर, अख्ख्या कंपनीच्या तेव्हाच्या बाजारमूल्याहून जास्त! विमानं बहुधा पॉइंट वाटायचं निमित्त म्हणून उडतात. आपण मात्र मुदत संपायच्या आदल्या रात्री, ‘वाया नको जायला’ म्हणत त्यातून टोस्टर मागवायचा. भाव: वीस पैसे. डिलिव्हरी वेगळी.