कोड परक्याचा, लॅपटॉप आपला

काम थेट आपल्या मशीनवर, म्हणजे होस्टवर करायचं की व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएममध्ये), हा सॉफ्टवेअरवाल्यांचा जुना वाद. तो वेगावर सुरू होतो आणि वेगावरच संपतो. व्हीएम हळू चालतं, रॅम खातं, बॅटरी उतरवतं. होस्टवर सगळं झटपट होतं. हा वाद चुकीच्या जागी चाललाय. आधी विचारायला हवं ते वेगळंच: टर्मिनलमध्ये ‘एनपीएम इन्स्टॉल’ टाइप करून एंटर दाबलंत, की तुमच्या लॅपटॉपवर कुणाचा कोड चालतो?

अनोळखी माणसांचा. साधं वेब ॲप उभं करायला घेतलं तरी शेकडो पॅकेजेस खाली उतरतात. त्यातली तुम्ही स्वतः निवडलेली जेमतेम दहा-पंधरा. बाकीची त्यांच्या मागून आलेली. यातल्या कुठल्याही पॅकेजला पोस्ट-इन्स्टॉल स्क्रिप्ट जोडता येते. ती इन्स्टॉल होता होताच चालते, तुमच्या लॉगिननं, तुमच्या अधिकारात. तुम्ही जी फाइल उघडू शकता ती तिलाही उघडता येते. एसएसएचच्या चाव्या, क्लाउडची टोकनं, ब्राउझरचं प्रोफाइल, डाउनलोड्समध्ये पडलेली आधारची प्रत, वडिलांच्या मेडिक्लेमचे कागद, सगळं. पायथॉनवाल्यांनी निर्धास्त राहू नये. पिपनं सोर्स पॅकेज उचललं, तर बिल्ड करताना तिथलाही कोड चालतो.

हे घडलेलं आहे, आणि पुनःपुन्हा घडलंय. जुलै 2018 मध्ये ‘ईएसलिंट-स्कोप’ या पॅकेजची बिघडवलेली आवृत्ती आली आणि तिनं डेव्हलपरांची एनपीएम टोकनं बाहेर पाठवली. त्याच वर्षी ‘इव्हेंट-स्ट्रीम’चा थकलेला मूळ लेखक ते पॅकेज एका मदतनिसाच्या हवाली करून मोकळा झाला. त्या मदतनिसानं आत बिटकॉइनचं एक वॉलेट लुटायचा कोड घातला. ऑक्टोबर 2021 मध्ये ‘यूए-पार्सर-जेएस’च्या लेखकाचं खातं हातात घेऊन त्यात पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम घुसवला गेला. मार्च 2022 मध्ये तर ‘नोड-आयपीसी’च्या लेखकानंच रशिया आणि बेलारूसमधल्या मशीनवरच्या फाइलींचा मजकूर उडवून तिथे हृदयाचं चिन्ह ठेवणारा कोड घातला. त्याचं युद्धाबद्दलचं मत काहीही असो, फाइली दुसऱ्यांच्या होत्या.

आणि ऑगस्ट 2025 मधलं ‘एनएक्स’ या पॅकेजचं प्रकरण प्रत्येक डेव्हलपरनं नीट वाचावं. त्यातली पोस्ट-इन्स्टॉल स्क्रिप्ट मॅक आणि लिनक्सवर गिटहबची टोकनं, एसएसएच चाव्या आणि क्रिप्टो वॉलेट शोधत फिरायची. मशीनवर एआयची कमांड-लाइन टूल्स असतील तर शोधाचं काम त्यांनाच सांगायची. सापडलेलं सगळं तुमच्याच गिटहब खात्यावर एक सार्वजनिक रेपो उघडून तिथे टाकायची. शिवाय शेलच्या सुरुवातीच्या फाइलीत मशीन बंद करण्याची आज्ञा लिहून जायची, म्हणजे नवं टर्मिनल उघडलं की शटडाउन. पुढच्याच महिन्यात ‘शाई-हुलूद’ नावाचा किडा आला. तो चोरलेल्या टोकनांनी त्याच डेव्हलपरच्या बाकीच्या पॅकेजेसमध्ये स्वतःला घालून पसरत गेला.

हाच कोड व्हीएममध्ये चालला असता तर काय झालं असतं? त्यानं व्हीएमचं होम फोल्डर धुंडाळलं असतं. तिथे एका प्रोजेक्टचा कोड, चाचणीचा डेटाबेस आणि फार तर त्याच एका रेपोपुरतं टोकन मिळालं असतं. ते टोकन रद्द करायचं, व्हीएम पुसायचं, नवं उभं करायचं. नुकसान झालंच, पण एका प्रोजेक्टपुरतं. होस्टवर तेच घडलं, की पुढचे कित्येक दिवस कुठला पासवर्ड बदलला आणि कुठला राहिला हेच शोधत बसायचं.

‘इग्नोर-स्क्रिप्ट्स’चा पर्याय लावला की झालं, असं काही जण सांगतात. लावाच तो. एनपीएमला पर्याय असलेल्या पीएनपीएमनं तर 2025 च्या सुरुवातीला आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून आतल्या पॅकेजेसच्या इन्स्टॉल-स्क्रिप्ट आपणहून अडवायला सुरुवात केली, हे उत्तमच. पण त्यानं अडतो तो इन्स्टॉलचा क्षण. तुम्ही प्रोजेक्ट सुरू केला, टेस्ट चालवल्या, की तोच कोड चालणारच. इव्हेंट-स्ट्रीमच्या विषाला इन्स्टॉल-स्क्रिप्टची गरजच पडली नव्हती.

आता मला सगळ्यात जास्त सतावणारी गोष्ट. नोव्हेंबर 2023 मध्ये पालो आल्टो नेटवर्क्सच्या युनिट 42 नं एका मोहिमेचा तपशील बाहेर काढला आणि तिला ‘कंटेजस इंटरव्ह्यू’ असं नाव दिलं. तिच्यामागे उत्तर कोरियातली मंडळी असल्याचं त्यांचं म्हणणं. पद्धत सरळ होती. रिक्रूटर बनून नोकरी शोधणाऱ्या डेव्हलपरशी संपर्क साधायचा, मुलाखत ठरवायची, आणि ‘हा आमचा छोटा प्रोजेक्ट, गिटहबवरून उतरवून चालवून दाखव’ म्हणायचं. प्रोजेक्टमध्ये बीव्हरटेल नावाचा चोर. तो ब्राउझरमधले पासवर्ड आणि वॉलेट उचलायचा आणि मागून पायथॉनमध्ये लिहिलेलं दुसरं हत्यार आणून ठेवायचा.

त्या मुलाखतीत बसलेलं पोर डोळ्यांसमोर आणा. इंजिनिअरिंग संपवून वर्ष होत आलंय, कॅम्पसमधून मिळालेली ऑफर लांबत चाललीय. पुण्यात तिघांत मिळून घेतलेल्या खोलीत लॅपटॉपसमोर इस्त्रीचा शर्ट घालून बसलाय. स्क्रीन शेअर केलेली आहे. समोरचा इंग्रजीत सांगतोय, ‘क्लोन इट, रन इट, टेक युअर टाइम.’ अशा वेळी ‘सर, आधी मी कोड वाचून बघतो’ म्हणायची छाती किती जणांची होते? तो चालवतो. ज्या लॅपटॉपवर त्याचं बँक खातं उघडतं, ज्यावर त्याच्या मार्कशीट आहेत, त्यावरच चालवतो, कारण त्याच्याकडे दुसरा लॅपटॉप नाही आणि व्हीएम म्हणजे परीक्षेत पाच मार्कांना येणारी टीप, एवढीच त्याची त्याच्याशी ओळख आहे. हायपरव्हायझरचे दोन प्रकार त्याला तोंडपाठ आहेत. ते लावून स्वतःला वाचवायचं कसं, हे चार वर्षांत त्याला कुणी दाखवलेलं नाही. याचा मला राग येतो, आणि तो राग त्या पोरावर नाही.

म्हणून त्याला सांगतो. असाइनमेंटसाठी एक कोरं लिनक्स व्हीएम आधीच तयार ठेव. मुलाखतीत सरळ म्हण, ‘मी परका कोड व्हीएममध्ये चालवतो, दोन मिनिटं लागतील.’ खऱ्या कंपनीला यात आवडण्यासारखंच आहे. ‘नाही, तुझ्या मुख्य मशीनवरच चालव’ असा हट्ट जो धरेल, त्याचा कॉल तिथेच तोड.

व्हीएम हे सर्व्हर रूममधल्या लोकांचं खेळणं, डेव्हलपरला त्याचं काय, असं मानणाऱ्यांनी इतिहास बघावा. आयबीएमच्या केंब्रिजमधल्या केंद्रात साठच्या दशकात सीपी-40 आणि पुढे सीपी-67 घडलं, 1972 मध्ये व्हीएम/370 जाहीर झालं. नवी ऑपरेटिंग सिस्टिम तपासायची तर अख्खा मेनफ्रेम त्या कामाला अडकवणं परवडत नव्हतं. व्हीएममुळे ती चाचणी बाकीच्यांचं काम चालू असतानाच घेता येऊ लागली. व्हीएमवेअरचं 1999 मधलं पहिलं उत्पादन वर्कस्टेशनही टेबलावरच्या पीसीसाठीच होतं. हे आपलंच अवजार आहे.

आता वेगाचं. तक्रार अर्धी खरी आहे, आणि तो खरा अर्धा भाग भलत्याच्या नावावर टाकला जातो. 2005 मध्ये इंटेलनं आणि 2006 मध्ये एएमडीनं प्रोसेसरमध्येच व्हर्च्युअलायझेशनची सोय दिली, तेव्हापासून आकडेमोडीत व्हीएम फारसं मागे पडत नाही. मागे पडतं ते शेअर्ड फोल्डरमुळे. कोड विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवायचा आणि चालवायचा आतल्या लिनक्समधून, अशी मांडणी बहुतेक जण करतात. नोड मॉड्यूल्सच्या फोल्डरमध्ये हजारो बारक्या फाइली. त्यातली प्रत्येक उघडताना विनंती सीमा ओलांडून पलीकडे जाणार आणि उत्तर घेऊन परत येणार. मग बिल्ड रखडतो आणि शिव्या व्हीएमला बसतात. व्हर्च्युअलबॉक्सच्या शेअर्ड फोल्डरचा आणखी एक त्रास: होस्टवर फाइल सेव्ह केली, तर ती बदलल्याची सूचना आतल्या लिनक्सपर्यंत जात नाही. ब्राउझर ताजा होत नाही, माणूस पोलिंग चालू करतो, आणि पोलिंग सीपीयू खात बसतं.

कोड आत ठेवा. विंडोजमधलं लिनक्स, म्हणजे डब्ल्यूएसएल 2 वापरत असाल तर लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच. मायक्रोसॉफ्टही हेच सांगतं. मात्र डब्ल्यूएसएल सोयीसाठी बनलेलं आहे, पहाऱ्यासाठी नाही. आतून तुमचा अख्खा सी ड्राइव्ह दिसतो आणि विंडोजचे प्रोग्रॅमही चालवता येतात. परक्या कोडसाठी ते पुरेसं नाही.

डॉकरचंही तसंच. मॅक आणि विंडोजवर डॉकर डेस्कटॉप मुळात एका लिनक्स व्हीएममध्येच चालतो, त्यामुळे ‘आम्ही व्हीएम वापरत नाही, डॉकर वापरतो’ हे वाक्य तिथे खरं नसतं. लिनक्सवर कंटेनर होस्टचाच कर्नल वापरतो. आणि ज्या कंटेनरला डॉकरचा सॉकेट किंवा अख्खं होम फोल्डर जोडून दिलंय, त्याच्यापासून तुम्हाला संरक्षण शून्य आहे. व्हीएम घेऊन शेअर्ड क्लिपबोर्ड, होम फोल्डर आणि एसएसएच एजंट फॉरवर्डिंग हे सगळं चालू ठेवणं म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवणं. हे तिन्ही बंद करा. व्हीएस कोडच्या रिमोट एसएसएचमध्येही धोका आहे. पलीकडचं मशीन फुटलं तर त्या जोडणीतून तुमच्या मशीनवर कोड चालवता येऊ शकतो, हे त्याच्या माहितीपानावरच लिहिलेलं आहे. रोजच्या, ओळखीच्या प्रोजेक्टला तो बरा. मुलाखतीतल्या रेपोला साधं एसएसएच आणि टर्मिनलमधला एडिटर पुरे.

व्हीएम अभेद्य नसतं. 2015 मध्ये ‘व्हेनम’ नावाची चूक सापडली. व्हीएम चालवणाऱ्या क्यूईएमयूच्या फ्लॉपी ड्राइव्हच्या कोडमधून, जी फ्लॉपी कुणी वर्षानुवर्षं वापरत नव्हतं, आतून बाहेर निसटायची वाट होती. पण एनपीएमवर जाळं टाकून बसलेल्याकडे असली वाट सहसा नसते. त्याचा सगळा भरवसा तुम्ही होस्टवर काम करता यावर असतो.

होस्टवरच करावीत अशीही कामं आहेत. आयफोनचा सिम्युलेटर, ग्राफिक्स कार्डावर चालणारं मशीन लर्निंग, गेम. अँड्रॉइडचा एम्युलेटर स्वतःच व्हीएम आहे, त्याला दुसऱ्या व्हीएममध्ये कोंबू नका. मायक्रोकंट्रोलरवाल्यांचा वैताग तर मला पूर्ण पटतो. काही बोर्ड बूटलोडरमध्ये गेले की वेगळ्याच यूएसबी ओळखीनं समोर येतात, व्हीएमच्या हातून निसटतात, आणि फ्लॅशिंग अर्ध्यावर थांबतं. अशांनी बोर्डावर प्रोग्रॅम चढवणं होस्टवर ठेवावं आणि बिल्ड आत करावा.

राहता राहिली रॅम. इथे डेव्हलपरला बोल लावणं अन्याय आहे. विंडोज, ब्राउझर, मीटिंगचं सॉफ्टवेअर, अँटिव्हायरस आणि एडिटर एवढं चालू केलं की 8 जीबीच्या लॅपटॉपचा श्वास अडकतो. त्यात व्हीएम कुठे ठेवायचं? डेस्कटॉप नसलेलं लिनक्स घ्या, छोट्या प्रोजेक्टला 2 जीबी पुरतात. उबंटूचं मल्टिपास किंवा मॅकवर लिमा वापरलं तर असं मशीन एका कमांडमध्ये उभं राहतं. हा गरजेपुरता मार्ग झाला. मोठ्या जावा प्रोजेक्टला तो पुरणार नाही.

हिंजवडीपासून खराडीपर्यंत कितीतरी कार्यालयांत लॅपटॉप येतो तो बायोसला पासवर्ड लावून, आणि आत व्हर्च्युअलायझेशनचं सेटिंग बंद. ते चालू करून घ्यायला तिकीट टाकायचं, मॅनेजरची मंजुरी आणायची, मग कारण विचारलं जातं. त्याच कार्यालयात दरवर्षी सायबर सुरक्षेचा व्हिडिओ बघून खाली टिक करणं सक्तीचं असतं. फिशिंगचा मेल ओळखायला शिकवता आणि परका कोड चालवायला सुरक्षित जागा देत नाही, मग त्या व्हिडिओचा उपयोग काय? सुरक्षा विभागाकडून हे सेटिंग बंद ठेवायला एक कारण सांगितलं जातं: व्हीएममध्ये काय चालतं ते त्यांच्या टेहळणीला दिसत नाही. कारण खोटं नाही. त्यावर उपाय म्हणजे कंपनीनं स्वतः तयार केलेली, अपडेट होणारी व्हीएमची इमेज देणं. सरसकट बंदी घातली की सगळा परका कोड कंपनीच्या चाव्या असलेल्या होस्टवर येऊन पडतो, आणि टेहळणीला तो दिसेपर्यंत टोकन गेलेलं असतं.

खरेदीवर सही करणाऱ्यांनी पुढच्या ऑर्डरमध्ये डेव्हलपरच्या लॅपटॉपसमोर 32 जीबी लिहावं. आयटीनं तो देण्याआधी बायोसमधलं सेटिंग चालू करावं. आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी प्रोजेक्टच्या सेटअपची जुनाट वर्ड फाइल देण्याऐवजी चालतं व्हीएम द्यावं. त्यात त्या प्रोजेक्टचं टोकन असावं, दुसरं काही नसावं.