बोहेमियाकर

या माणसाचं आडनाव काहीही असो, आपण त्याला बोहेमियाकर म्हणू. वय पस्तीस ते बेचाळीस, नोकरी हिंजवडीला नाहीतर ऐरोलीला, घरात एक खुर्ची अशी की तिच्यावर दुसऱ्या कोणी बसायचं नाही. ४ फेब्रुवारी २०२५ ला ‘किंग्डम कम: डिलिव्हरन्स’ या गेमचा दुसरा भाग आला, तोवर हा माणूस चारचौघांत खपून जायचा. तारीख जवळ आली तशी त्याने रजा टाकली. कारण ‘कौटुंबिक’. ते खोटं नव्हतं. हेन्री त्याला घरचाच वाटतो.

हेन्री म्हणजे गेमचा नायक, स्कालित्झ गावचा लोहाराचा पोरगा. साल १४०३, मुलूख बोहेमिया, आजच्या चेक प्रजासत्ताकातला. राजा चौथा वेन्सेस्लास याला त्याचाच सावत्र भाऊ सिगिसमुंड याने कैदेत टाकलंय आणि भाऊबंदकीच्या या धुळवडीत हेन्रीचं गाव जळून खाक झालंय. ड्रॅगन नाही, जादूची काठी नाही, उडता घोडा नाही. बोहेमियाकराला त्याचाच अभिमान. ड्रॅगनवाले गेम खेळणाऱ्यांकडे तो शास्त्रीय गाण्याच्या बैठकीतून उठून लग्नाच्या बँडकडे पाहावं तसा पाहतो. पहिल्या भागात तर हेन्रीला अक्षरओळखही नव्हती. लेखनिकाकडे जाऊन, पैसे मोजून वाचायला शिकावं लागे. तोवर पुस्तक उघडलं की अक्षरांची भेळ दिसायची. “आम्ही वाचायला शिकलो ना, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं,” असं हा सांगतो. आम्ही म्हणजे तो आणि हेन्री. स्वतःच्या मुलाला बाराखडी शिकवताना याच्या डोळ्यांत फक्त झोप होती, असं बायकोचं म्हणणं.

दुसरा भाग आल्यावर बोहेमियाकराच्या आयुष्यात खरा बदल झाला तो मात्र वेगळाच. तो एका रात्रीत ज्येष्ठ नागरिक झाला.

ऑफिसातलं एखादं तेवीस वर्षांचं पोर कँटीनमध्ये उत्साहाने सांगतं, की मीपण सुरू केला, भारी आहे. बोहेमियाकर चहाचा घोट घेतो. कप खाली ठेवतो. “पहिला खेळलायस?” नाही म्हटलं, की ‘आमच्या वेळी’ सुरू. आमच्या वेळी तलवारीच्या वाराला पाच दिशा होत्या. आता चार ठेवल्यात, तुम्हाला झेपाव्यात म्हणून. आमच्या वेळी घोडा झुडपाला अडकायचा. उतरायचं, त्याला वळसा घालायचा, पुन्हा चढायचं, तो पुन्हा अडकायचा. त्याने माणसाला सहनशक्ती यायची. २०१८ साली गेम बाजारात आला तेव्हा त्यात ‘बग’, म्हणजे ढेकूण, पुष्कळ होते, हे जगजाहीर आहे. पण तेव्हा त्याच ढेकणांना शिव्या घालणारा हा माणूस आता त्यांना संस्कार म्हणतो.

म्हणून दुसऱ्या भागाची सुरुवात त्याला पसंत पडली. हेन्री आणि त्याचा सरदार हान्स केपन पत्र घेऊन ट्रोस्की किल्ल्याकडे निघतात, तळ्याकाठी दगा होतो, घोडे, चिलखत, पैसा, सगळं जातं. पहिल्या भागात रात्री जागून कमावलेली तलवारबाजी शून्यावर. वर गावच्या खानावळीत मारामारी होते आणि दोघांना खोड्यात अडकवतात. दुसरा कोणी असता तर चिडला असता. हा म्हणाला, “बरोबर केलं. माज उतरला पाहिजे.” पुढे गिरणीवाल्याकडे पोती उचलायची कामं लागली, तीही त्याने निमूट केली. भल्या पहाटे, हेडफोन लावून, एकेक पोतं. सोसायटीची लिफ्ट बंद असताना पाण्याचा जार मात्र वॉचमनने आणला.

पण बोहेमियाकराचा पीळ बघायचा असेल तर सेव्ह करण्याची वेळ गाठावी. या गेममध्ये मनात आलं की सेव्ह करता येत नाही. त्यासाठी ‘सेव्हियर श्नॅप्स’ नावाची दारू प्यावी लागते, किंवा पलंग गाठून झोपावं लागतं. दारू विकत मिळते, पण विकत घेणं याला कमीपणाचं. तो स्वतः गाळतो. कढईत वाइन, त्यात नेटलचा पाला आणि खलात कुटलेली बेलाडोना, भाता मारायचा, वाळूचं घड्याळ उलटं करायचं. बाहेर पडताना आपोआप सेव्ह होण्याची सोय गेममध्येच आहे. ती नवशिक्यांची, असं तो मानतो. त्यामुळे आई “ताट वाढलंय रे” म्हणून हाक मारते तेव्हा खोलीतून उत्तर येतं, “आलो गं, दारू संपलीये, तेवढी गाळतो!” आईला आता सवय झाली आहे. एके दिवशी आलेल्या सोयरिकीच्या पाहुण्यांना नव्हती. धाकट्या बहिणीचं स्थळ गेलं नाही, पण मुलाकडच्यांनी चौकशी केली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘हार्डकोअर मोड’ आला तेव्हा कळस झाला. त्यात नकाशावर आपण कुठे आहोत हेच दिसत नाही, आणि सुरुवातीलाच निदान तीन दोष अंगी लावून घ्यावे लागतात. दुखरी पाठ, जास्तीचा घाम, पाहताच थोबाडीत मारावीशी वाटेल असा चेहरा, अशी ती यादी. बोहेमियाकराने दुखरी पाठ घेतली. कमरेला पट्टा बांधून, मागे उशी लावून घेतली.

युरोपच्या सहलीत प्राग असेल तर चार्ल्स पूल बायकोवर सोडून हा कुटना होराची गाडी पकडतो. हेच ते कुटनबर्ग, चांदीच्या खाणींचं गाव, जिथे १३०० पासून ‘प्रागचे ग्रोशन’ ही नाणी पाडली जात. संत बार्बराच्या चर्चचं काम १३८८ ला सुरू झालं. गेममध्ये त्याला परांच्या बांधलेल्या आहेत. पुरं झालेलं चर्च बघून तो जरा हिरमुसतो. गल्ल्या मात्र नकाशाशिवाय बरोबर सापडतात. पुण्यात सासुरवाडीला जाताना याला फोनवर रस्ता लावावा लागतो.

एक कबूल केलं पाहिजे, गेम चांगला आहे. भट्टीत लोखंड लाल करायचं, ऐरणीवर फिरवत ठोकायचं, ताल जमला की हेन्री शीळ घालतो, हे पाहत मी बोहेमियाकराच्या मागे बराच वेळ उभा होतो. उठायला सांगायचं ठरवून गेलो होतो, स्टूल घेऊन बसलो.

तुमच्या घरी असा कोणी असेल तर त्याला जेवण खोलीत द्या, दारूचं विचारू नका, आणि ‘याच्यात सोपी लेव्हल नसते का’ हा प्रश्न चुकूनही काढू नका. नसते.