वाघ पाठवा, धान नको

अर्जुनी मोरगावचा वार्ताहर संध्याकाळी बातमी पाठवतो: धानाचे चुकारे रखडले, केंद्रावर बारदाना नाही. वेबसाइटवर तिला कुणी शिवत नाही, हे डेस्कवरच्या पडद्याला दहा मिनिटांत कळते. त्याच वेळी नवेगाव-नागझिऱ्यात रस्ता ओलांडणाऱ्या वाघाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ येतो आणि आकडा उड्या मारू लागतो. लगेच फोन: ‘‘भाऊ, वाघ पाठवा. धान नको.’’ भाऊ काही दूधखुळा नाही. पुढच्या खेपेला त्याची बातमी असते, ‘बांधीत बिबट्या? शेतकऱ्यांची पाचावर धारण!’ चुकारे शेवटच्या ओळीत.

हे आकड्यांमुळे झाले म्हणावे, तर आकड्यांविना काय झाले तेही आठवा. टीआरपी घोटाळ्याच्या आरोपांनंतर ऑक्टोबर 2020 मध्ये टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या ‘बार्क’ने वृत्तवाहिन्यांचे रेटिंग थांबवले. ते परतले मार्च 2022 मध्ये. मधल्या काळात काटा बंद होता, आरडाओरडा मात्र सुरूच होता. जित्याची खोड!

धान खरेदी केंद्रावरही काटा असतो. पण तिथे नुसते वजन करून भागत नाही. ओलावा 17 टक्क्यांच्या वर गेला की पोते परत. बातमीच्या काट्याला मात्र भिजलेले, पाखड, पोचट सगळे सारखेच. पोते जड भरले की झाले.

आता सारस पाहा. राज्यात हा पक्षी उरलाय तो मुख्यतः गोंदियाच्या बांध्यांत आणि तलावांवर. तो डरकाळी फोडत नाही, पर्यटकांच्या जिप्सीला आडवा येत नाही. म्हणजे आकड्यांच्या बाजारात नापास. तरी त्याची संख्या घटत असल्याच्या बातम्या आल्या आणि 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेत जनहित याचिका दाखल करून घेतली. प्रशासनाला कोर्टात उत्तरे द्यावी लागली. डेस्कवरच्या पडद्याच्या हिशेबी न्यायमूर्तींनी वाचले तरी क्लिक एकच, आणि झोप येत नाही म्हणून बोट फिरवणाऱ्याचेही एकच.

कोण वाचतो आणि वाचून काय हलते, याचा रकाना त्या पडद्यावर नाही. तो संपादकाने आपल्या डोक्यात ठेवायचा असतो. नाहीतर सारसाला पहिल्या पानावर यायला आधी वाघाच्या तोंडी जावे लागेल. तेही कुणी मोबाइलवर टिपत असेल तरच.