मुळावर उठलेले काका

प्रत्येक सोसायटीच्या कट्ट्यावर एक तरी काका इंग्रजी शब्दांच्या मुळावर उठलेले असतात. निवृत्त, चष्मा कपाळावर, आणि कान कायम दुसऱ्याच्या बोलण्यात.

"सॅलरी अजून जमा नाही झाली गं," असं कुणी बिचारा फोनवर बायकोला सांगत असतो. त्याने फोन खिशात टाकायच्या आत काका हजर. "सॅलरी म्हणजे काय, ठाऊक आहे? मीठ! रोमन शिपायांना पगार मिठात मिळायचा. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात, ते उगीच नाही." आता लॅटिन 'सॅलेरियम'मध्ये मीठ आहे, हे खरंच. पण शिपायांना पगार म्हणून मीठ मोजून दिल्याचा पुरावा काही सापडत नाही. हे काकांना सांगून पाहा. मीठ तुम्हीच लांबवलंत, अशा नजरेने बघतील.

'न्यूज'मध्ये त्यांना नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साऊथ अशा चारी दिशा दिसतात. अहो, 'न्यू'चंच ते रूप, म्हटलं की, "इतकं सोपं असतं होय!" 'नेव्हिगेशन' तर घरचंच: 'नवगती'! वास्तविक लॅटिन 'नाविस' आणि संस्कृत 'नौ' या सख्ख्या बहिणी, म्हणजे अभिमानाला जागा आहेच. पण बहीण म्हटली की वाटा द्यावा लागतो. काकांना संस्कृत आईच लागते.

'ओके'ची जन्मकथा मात्र ते ऐकूनच घेत नाहीत. १८३९ साली बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राने 'ऑल करेक्ट'चं मुद्दाम 'ओल कोरेक्ट' करून त्याची आद्याक्षरं थट्टेने छापली, आणि ती टवाळी जगभर गेली. काकांना व्युत्पत्तीत टवाळी खपत नाही. निदान एखादा सेनापती तरी धारातीर्थी पडला पाहिजे.

परवा कट्ट्यामागच्या झुडपातून मुंगूस पळालं. बारावीतला एक पोरगा म्हणाला, "काका, इंग्रजीतला 'मंगूस' आपल्या मराठी 'मुंगूस'वरून गेलाय. ऑक्सफर्डच्या कोशात दिलंय."

काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, पोराला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "छे रे! नुसत्या उच्चाराच्या सारखेपणावर जाऊ नये. अभ्यास लागतो."